स्वस्त सायकलीची दुसरी स्प्रिंग

म्हैसूरलगतची चामुंडी टेकडी शहरापासून सुमारे 300 मीटर उंच आहे. दोन्ही चाकांना धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असलेली डोंगरी सायकल स्वस्तात घेऊ इच्छिणाऱ्याने अशी टेकडी डोळ्यांपुढे ठेवावी. चढावर पायडलला दिलेल्या जोराचा काही अंश मागची स्प्रिंग दाबण्यातच खर्ची पडतो. शिवाय तिचे वजनही वाहावे लागते. किंमत उतरविण्यासाठी काटकसर होते ती बहुधा स्प्रिंगेला आवर घालणाऱ्या तेलाच्या योजनेत, सांगाड्याच्या सांध्यांत आणि ब्रेकमध्ये. आवर नसलेली स्प्रिंग धक्का जिरवीत नाही. तो स्वाराला परत करते.

म्हणून खरेदीपूर्वी मागचे चाक हाताने आडवे हलवून पाहावे. सांधा खिळखिळा वाटता कामा नये. स्वार बसल्यावर स्प्रिंग तिच्या एकूण चालीच्या सुमारे पाव हिस्सा दबावी. सांध्यांतील बेअरिंगे बदलता येतात की नाही, हेही विचारावे. या कसोट्यांना न उतरणाऱ्या सायकलीपेक्षा केवळ पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असलेली, परंतु चांगल्या ब्रेकची सायकल त्याच पैशांत श्रेयस्कर ठरते. चामुंडीच्या उतारावर स्वाराचा जीव दुसऱ्या स्प्रिंगेच्या नव्हे, ब्रेकच्या हवाली असतो.