औषधाची गोळी आणि रमजानचा रोजा

शरीर ही अल्लाहने आपणास सोपविलेली अमानत आहे व तिचा हिशेब द्यावयाचा आहे. जुनाट हिपॅटायटिस-बी असलेले काही बंधू-भगिनी रमजानमध्ये रोजची गोळी सोडून देतात. हा तकवा नव्हे, अमानतीची हेळसांड आहे.

टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधे विषाणूस दाबून ठेवतात; बहुधा समूळ नष्ट करीत नाहीत. प्रकृती बरी वाटते ती औषध चालू असल्यामुळेच. ते अचानक बंद केल्यास विषाणू पुन्हा उसळतो, यकृतास तीव्र सूज येते आणि प्रसंगी प्राणावर बेतते.

वास्तविक, दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी रोज्याच्या आड येत नाही. टेनोफोविर इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घेता येते. एन्टेकाविर मात्र रिकाम्या पोटी हवी: जेवणानंतर किमान दोन तासांनी आणि पुढच्या खाण्यापूर्वी दोन तास. म्हणून तरावीहनंतर झोपताना ती घेणे सोयीचे. ही नवी वेळ रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावी.

यकृत फार बिघडले असेल व डॉक्टरांनी उपवासास मनाई केली असेल, तर खंत करू नये. सूरह अल-बकराच्या 185 व्या आयतीत आजारी माणसास रोजे अन्य दिवसांत पूर्ण करण्याची मुभा आहे. बरे होण्याची आशाच नसल्यास फिदियाविषयी आलिमांना विचारावे. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ही सवलत दिली. ती स्वीकारणे हेही आज्ञापालनच होय.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन!