समुद्राशेजारी गोड विहीर : वटारच्या एका घरातले पाच प्रश्न

या वेळच्या टपालात वटारहून आलेलं एक जाडजूड पाकीट होतं. वसई तालुक्यातलं हे गाव. एका बाजूला नंदाखाल, दुसऱ्या बाजूला राजोडीचा किनारा, आणि मधे केळीच्या नि फुलांच्या वाड्या. पत्रावर सही एकाचीच असली तरी प्रश्न घरातल्या पाच जणांचे आहेत. प्रत्येकाच्या नावाऐवजी नात्यानेच उत्तर देतो. आजींचा प्रश्न सगळ्यांत मोठा, म्हणून तो शेवटी घेतला आहे. आजींनी राग मानू नये.

बाबांचा प्रश्न : मी रोज विरारहून लोकल पकडतो. स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. तरी थंडीत पहाटे गाडीचा भोंगा अगदी परसात वाजल्यासारखा येतो आणि दुपारी मात्र काहीच ऐकू येत नाही. हे कसं?

पहाटे गोंगाट कमी असतो, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं हवेत आहे.

आवाज गरम हवेत जरा जलद धावतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन पटकन निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. थोडं वर गेलं की हवा उबदार. मग भोंग्याच्या लाटेची वरची कड पुढे सरकते, खालची मागे रेंगाळते आणि सगळी लाट जमिनीकडे वळते. एरवी आकाशात निघून गेला असता तो आवाज पुन्हा खाली, तुमच्या खिडकीशी येतो. दुपारी सगळं उलटं असतं. जमीन तापलेली, वरची हवा गार. आवाज वर वळतो आणि तुमच्या डोक्यावरून निघून जातो.

वाऱ्याचाही हात आहे. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे आठवा. दुपारी खारा वारा समुद्राकडून रुळांकडे, म्हणजे आवाजाच्या तोंडावर वाहतो. रात्री मतलई वारा पूर्वेकडून येतो आणि भोंगा सोबत आणतो. आवाजाला पाच किलोमीटर कापायला साधारण १५ सेकंद लागतात. तेव्हा भोंगा ऐकून चप्पल शोधू लागाल, तर गाडी केव्हाच पुढे गेलेली असेल.

जाता जाता, या मार्गावरच्या प्रवाशाला ठाऊक असावी अशी एक तारीख. विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हा दिवसाला एकच गाडी होती. सकाळी जायची, संध्याकाळी परतायची.

धाकट्याचा प्रश्न : रविवारी सकाळी राजोडीला गेलो तेव्हा पाणी सुरूच्या झाडांजवळ होतं. पुढच्या रविवारी त्याच वेळी गेलो तर पार लांब. आजोबा मात्र दिनदर्शिका बघून घरातूनच भरतीची वेळ सांगतात. ते कसं?

आजोबा तिथी बघतात. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दुपारची आणि रात्रीची, अशा दोन्ही भरत्यांना हाच आकडा चालतो, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं.

यामागचं कारण असं. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज तेवढीच उशिरा येते. आठवड्याभरात हा उशीर सहा तासांच्या जवळ पोचतो, म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी. तुझे दोन रविवार एकमेकांच्या उलट निघाले ते यामुळे.

पाऊणपटीचा हिशेब मोटामोटी आहे, हे लक्षात ठेव. पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो. आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात भरती बाराच्या पुढेमागे असते. बोट काढायची की थांबायचं एवढं ठरवायला हा हिशेब पुरतो. पोहायला जाताना मात्र छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती येते, तेव्हा पाणी कमी हलतं. दोन्ही वेळांना मोठ्या माणसाशिवाय समुद्रात उतरायचं नाही, हा नियम मात्र तिथीप्रमाणे बदलत नाही.

ताईचा प्रश्न : मी चर्चच्या गायनवृंदात गाते. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा पाहिली. ती मूळची आपल्या वसईची, असं तिथे कळलं. ती देवळात कशी पोचली? आणि एका टोल्यानंतर घंटा इतका वेळ का घुमते?

घंटा तिथे लढाईने पोचवली. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून होता. चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने मे १७३९ मध्ये किल्ला घेतला आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून सरदारांबरोबर देशावर गेल्या. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी नाशिकला गोदाकाठी १७४७ मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं. तिथल्या घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे आणि १७०७ साल आहे. भीमाशंकरलाही अशी एक घंटा आहे. जिंकणाऱ्यांनी त्या वितळवून तोफा ओतल्या नाहीत, देवापुढे टांगल्या. त्यामुळे तीनशे वर्षांनंतरही त्या वाजताहेत.

आता घुमण्याचं. मोठ्या घंटेचा धातू कांसं असतो. जुन्या ओतकामात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असं प्रमाण धरत. इतकं कथील घातलं की धातू कडक आणि ठिसूळ होतो. त्याला आतल्या आत घर्षण फार कमी असतं. टोल्याची ऊर्जा धातूत उष्णता होऊन विरण्याऐवजी कंपनांत टिकून राहते आणि सावकाश आवाज होऊन बाहेर पडते. घंटेच्या कडेला हात लावून बघ. नाद लगेच मरेल, कारण ती ऊर्जा तुझ्या हाताने शोषली.

तुझे कान सुरांना सरावलेले आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. घंटा एकच सूर देत नाही. तिच्या सुरावळीत षड्जाबरोबर कोमल गंधाराच्या जवळचा एक सूर असतो. टोला पडताच उंच सूर झणझणतात आणि आधी विरतात. खालचा खर्ज शेवटपर्यंत राहतो. शेवटी जी 'घूं-घूं' अशी लहर जाणवते, ती ओतकामातल्या बारीक असमानतेमुळे. घंटेचं वर्तुळ शंभर टक्के नेटकं नसतं. मग जवळजवळ सारखे दोन सूर एकाच वेळी वाजतात आणि कधी एकमेकांना जोर देतात, कधी दाबतात. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की हेच ऐकू येतं.

काकूंचा प्रश्न : माहेर आगाशीचं, त्यामुळे सुकेळी घरचीच. साखर नाही, मीठ नाही, तरी ती महिनोन्‌महिने टिकतात. साधी वेलची केळी सुकवली तर तशी का होत नाहीत?

काकू, निम्मं श्रेय ज्या केळ्यांची सुकेळी करतात, त्या राजेळीचं आहे. राजेळी ही केरळच्या नेंद्रन केळ्याच्या जातकुळीतली. खायच्या साध्या केळ्यात पाणी जवळपास तीन चतुर्थांश असतं. राजेळीत ते कमी, पिष्ट जास्त आणि गर घट्ट. उन्हात ती आक्रसते, पण गळत नाही. पातळ गराचं केळं सुकण्याआधीच आंबायला लागतं.

उरलेलं निम्मं श्रेय उन्हाचं आणि रोज मांडवावर चढून केळी फिरवणाऱ्या हातांचं. केळं पुरतं पिकलं की पिष्टाची साखर झालेली असते. सोलून वाळत घातलं की पाणी उडतं, साखर जागीच राहते आणि दाट होत जाते. शेवटी उरलेलं थोडं पाणी साखर इतकं घट्ट धरून ठेवते, की बुरशीला नि जिवाणूंना ते पिताच येत नाही. वरून साखर घालायची गरज म्हणून पडत नाही. मुरांबा टिकतो त्याचं कारणही हेच, फक्त तिथे साखर आपण घालतो. दमट हवा मात्र सुकेळ्यांची वैरीण. म्हणून हा उद्योग पावसाळा संपल्यावर आणि कडक उन्हातच होतो.

आजींचा प्रश्न : समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या विहिरीचं पाणी गोड. सासूबाई म्हणायच्या, ही देवाची कृपा. नातू म्हणतो, खाली गोड्या पाण्याचा झरा आहे. खरं काय? आणि हल्ली मे महिन्यात ते मचूळ का लागतं?

आजी, नातवाचा झरा नाही. तुम्ही पिता तो गेल्या पावसाळ्याचा पाऊस आहे.

वसईच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरचे थर वाळूचे आणि मातीचे, म्हणून पाणी झिरपून खाली उतरतं. तिथे समुद्राकडून आत शिरलेलं खारं पाणी आधीच असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं आणि वाळूच्या बारीक भेगांमधून दोन्ही सहजी मिसळत नाहीत. तुमची विहीर त्या तरंगणाऱ्या थरात उतरलेली आहे.

होडीत माल जितका चढवावा तितकी ती पाण्यात खाली बसते. इथेही तसंच घडतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या भाराने सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचाच थर राहू शकतो. हा हिशेब नेदरलँड्समधल्या बादोन गायबेन यांनी १८८९ मध्ये आणि जर्मनीतल्या हेर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये, एकमेकांपासून वेगळा, मांडला. वसईत खोलवर काळा पाषाण लागतो, त्यामुळे सगळीकडे तो तंतोतंत जमत नाही. पण त्याचा कल खरा आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच हिशेबात उलट्या बाजूने दडलेलं आहे. वरचं पाणी एक मीटरने खाली गेलं, तर खारं पाणी हळूहळू ४० मीटरपर्यंत वर चढू शकतं. म्हणजे उपसा थोडा वाढला तरी खाली मोठी उलथापालथ होते. रहाट होता तोवर विहिरीतून पाणी धिम्या गतीने निघायचं आणि मधल्या वेळात ती पुन्हा भरायची. पंप तासाभरात तळ गाठतो. खोल बोअर तर सरळ खाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते.

याशिवाय बावखलं होती. वाडीतली ही खोदलेली तळी पावसाचं पाणी धरायची. त्यांवर रहाट चालायचे, शिंपणं व्हायचं आणि सगळं वर्षभर ते पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं. गोड्या पाण्याच्या थराला वरून भर घालणारी व्यवस्था ती हीच. बावखलं बुजली, कुठे कचऱ्याने, कुठे बांधकामाच्या भरावाने. भर घालणं थांबलं आणि उपसा मात्र वाढला. शहरातल्या इमारतींसाठी गावच्या विहिरींवर टँकर लागू लागले, तेव्हा तुमच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईची चळवळ घेऊन उभे राहिले. पुढे ते २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणून महाराष्ट्र त्यांना लेखक म्हणून ओळखतो. वसईच्या वाड्यांना ते पाण्यासाठी भांडणारे पाद्रीबाबा म्हणूनही ठाऊक आहेत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

तेव्हा सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं. पाऊस कृपेचा आहे, पण ती कृपा जमिनीखाली राखली माणसांनी.

मचूळ लागणं ही पहिली सूचना समजा. दुसरी सूचना केळी देते. तिच्या पानांच्या कडा करपू लागतात. नारळ बराच खारेपणा सोसतो, केळ सोसत नाही. एकदा पाणी पुरतं खारं झालं, की ते पुन्हा गोड व्हायला कित्येक पावसाळे जातात.

म्हणून वटारच्याच नव्हे, तर साऱ्या किनाऱ्यावरच्या वाचकांना विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी मोजा आणि दिनदर्शिकेवरच टिपून ठेवा. पंप सलग चालवण्यापेक्षा थोडा थोडा, मधे विसावा देत चालवा. बोअर आणखी खोल नेऊ नका. वाडीत बुजलेलं बावखल असेल, तर या मे महिन्यात त्याचा गाळ काढा. पावसाळ्यानंतर पातळीत काय फरक पडला ते आम्हाला कळवा. आकडे आले, तर त्यावर पुढे सविस्तर लिहू.