रंगाऱ्याचा मुलगा आणि विद्युतप्रभार

स्थितिक विद्युत शिकविताना आम्ही प्रथम स्टीफन ग्रे यांचे नाव घेतो. कँटरबरीच्या रंगाऱ्याचे हे पुत्र स्वतःही त्याच धंद्यात राबले. उतारवयात त्यांना लंडनच्या चार्टरहाउस येथे आश्रय मिळाला. निराधार वृद्धांचे निवासस्थान व शाळा तेथे एकत्र नांदत होती.

काच रेशमाने घासली असता काचेतील काही इलेक्ट्रॉन रेशमावर जातात. काच धनप्रभारित आणि रेशीम ऋणप्रभारित होते. प्रभार नव्याने निर्माण होत नाही, त्याची वाटणी तेवढी बदलते. ग्रे यांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. तरीही १७२९ मध्ये त्यांनी रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या लांब सुतळीतून प्रभार दूरवर नेला. रेशीम तुटले म्हणून पितळी तारेचा आधार दिला, तर परिणाम नाहीसा झाला! आधाराच्या जाडीपेक्षा त्याचा पदार्थ निर्णायक, हे तेव्हा कळले. सुवाहक व दुर्वाहक हा भेद तो हाच.

८ एप्रिल १७३० रोजी त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलास दुर्वाहक दोरांवर आडवे टांगले. घासलेली काचनळी पायांजवळ धरताच शरीरातील ऋणप्रभार तिकडे ओढला गेला, चेहरा धनप्रभारित झाला आणि पितळी वर्खाचे तुकडे त्याकडे झेपावले. मुलाचे वजन ग्रे यांनी कपड्यांसह ४७ पौंड १० औंस असे काटेकोर नोंदविले. नाव नोंदविले नाही. इतिहासाच्या अभ्यासकांस, म्हणजे आम्हांस, ही रिकामी जागा सलते.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलून पाहावेत, पण हिवाळ्यात. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो.