कोडिंग बूटकॅम्प लावावा का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात आहे. शाळेत कोडिंग झाले नसल्याने ती मागे पडते. सुट्टीत महागडा बूटकॅम्प लावावा का?
– एक पालक, सातारा

उत्तर : शाळेत कोडिंग न झालेला विद्यार्थी कायमचा मागे राहतो, हा समज चुकीचा आहे. नवशिक्याची खरी अडचण बहुधा भाषेच्या व्याकरणात नसून, प्रोग्राम चालताना प्रत्येक ओळीनंतर चलाचे, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नामांकित जागेचे, काय होते हे डोळ्यांसमोर उभे न राहण्यात असते. म्हणून आपल्या मुलीने रोज एक छोटा प्रोग्राम घेऊन ती मूल्ये आधी कागदावर मांडावीत आणि मगच तो चालवून पाहावा. बूटकॅम्प, म्हणजे अल्पमुदतीचे सघन प्रशिक्षण, या सरावाला निश्चितच गती देऊ शकतो, परंतु तुकडी लहान असेल आणि चूक कुठे झाली हे समजावणारा मार्गदर्शक जवळ असेल तरच. नोकरीची हमी देणाऱ्या किंवा शुल्कासाठी कर्ज सुचवणाऱ्या वर्गांना परताव्याच्या अटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मोफत धडे तिने करून पाहावेत. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण-मंचाच्या अभ्यासक्रमांनाही शुल्क फक्त प्रमाणपत्र-परीक्षेपुरते लागते.