मूळ राखावे, फळ वाटावे



आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. पाळ फोडून सारे पाणी एकाच दिवशी सोडून द्यावे, असे कोणी सुचविले तर आपण त्याला वेड्यात काढू. निराधारांची काळजी वाहताना मात्र आपण नेमके हेच करतो.

रमजानमध्ये आपले हात मोकळे असतात. जकात, फितरा, शिधा सारे वाटले जाते. परंतु पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला औषध आषाढातही लागते. त्याच्यापाशी बसण्यासाठी सुनेला रोवणीची मजुरी सोडावी लागते. ती बुडालेली मजुरी आपल्या कोणत्याच यादीत नसते. (माझ्याही नव्हती, हे कबूल करतो.)

येथे एक मसला स्पष्ट करणे अगत्याचे आहे. जकात साठवून ठेवावी, असे मी म्हणत नाही. हनफी मतानुसार ती हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते. यालाच तमलीक म्हणतात. वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेसाठी शरीअतने दुसरा मार्ग दिला आहे, तो वक्फचा.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मूळ राखून उत्पन्न दान करण्याचा सल्ला दिला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ती जमीन विकता येणार नव्हती, बक्षीस देता येणार नव्हती, वारसांत वाटता येणार नव्हती. तिचे उत्पन्न गरीब, आप्त, गुलामांची मुक्तता, प्रवासी व पाहुणे यांच्यासाठी होते. आजच्या गरजा भागवताना पुढील पिढ्यांचा वाटा खाऊ नये, हा शाश्वत विकासाचा विचार संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली मांडला. खैबरची ती जमीन त्याच विचाराने राखली गेली होती.

एखाद्या सुखवस्तू कुटुंबाने एक दुकानगाळा वक्फ केला, तर त्याच्या भाड्यातून त्या वृद्धाचे औषध आणि सुनेची मजुरी दोन्ही निघू शकतात. मात्र भाड्यातून आधी गाळ्याची डागडुजी व्हावी, मग वाटप, असे फिकह सांगते. गाळ न काढलेल्या तलावाचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या वक्फनाम्यात देखरेख प्रथम आपल्या कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली होती. आपल्या समितीत एखादी जाणती स्त्री असती, तर त्या सुनेची बुडालेली मजुरी यादीत कधीच आली असती.