नागपूरची एक गिरणी आणि तिच्या मालकाचा हिशेब

व्यापार नफ्यासाठी आणि दानधर्म पुण्यासाठी, अशी वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. दिवसभर पेढीवर बसून पै-पैचा हिशेब करावा, आणि वर्षाअखेर त्यातील काही भाग अन्नछत्रास किंवा पाणपोईस द्यावा, ही रीत वाईट असे आम्ही म्हणत नाही. तथापि पेढीवर बसून जे केले त्याचा जाब पाणपोईने कसा द्यावा, हे कोणी विचारीत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजकार्यास लावण्यास सांगितले, व त्यास 'सामाजिक उत्तरदायित्व' हे नाव रूढ झाले. कायदा उपयुक्त आहे. पण तो नफा हाती आल्यानंतरचे बोलतो. नफा मिळत असता यंत्रापाशी जो माणूस उभा आहे त्याचे काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा. तो नीट समजून घ्यावयाचा तर नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ही गिरणी जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९-१९०४) ह्यांनी काढली. त्या काळी कापडाची गिरणी म्हटली की ती मुंबईसच असावयाची. कापूस मात्र पिके वऱ्हाड-नागपुराकडे. तो आगगाडीने मुंबईस जावयाचा, आणि त्याचेच कापड होऊन परत वऱ्हाडात विकावयास यावयाचे! हा दुहेरी फेरा जमशेटजींच्या डोळ्यांत सलला. नागपुरास १८६७ साली आगगाडी पोहोचली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, कापूस दाराशी होता, आणि कापड नेसणारे लोकही तेथेच होते. १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर त्यांनी कंपनी उभारली, आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन तीत भर टाकण्यास आरंभ केला. हा गृहस्थ सोने मातीत घालीत आहे असे म्हणून एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारले, आणि पुढे त्यानेच, ह्यांनी माती घालून सोने काढले, असा कबुलीजबाब दिला, अशी आख्यायिका सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी चालू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. म्हणून गिरणीचे नाव 'एम्प्रेस'.

व्यवस्थापक नेमले बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतले. सूत कसे काततात ह्याचा त्यांस गंधही नव्हता. त्यांच्या जोडीस यंत्रविद्येसाठी जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा मनुष्य होता. धंद्याची माहिती नसलेल्या मनुष्यास गिरणी सोपविणे हे अविचाराचे दिसते खरे; पण माहिती शिकविता येते, सचोटी शिकविणे कठीण, हा मालकाचा हिशेब असावा.

आता विद्यार्थिमित्रांनी थोडे यंत्राकडे लक्ष द्यावे. सूत कातावयाचे म्हणजे तीन कामे करावयाची: पेळू ओढून बारीक करणे, त्यास पीळ देणे, आणि झालेले सूत गुंडाळणे. लँकेशायरातील 'म्यूल' नावाच्या यंत्रात एक गाडा पुढे येतो, तंतू ओढतो व पिळतो. मग थांबून मागे जाताना सूत गुंडाळतो. म्हणजे पिळताना गुंडाळणे बंद, आणि गुंडाळताना पिळणे बंद. अमेरिकेत निघालेल्या 'रिंग' चातीत एका कड्याभोवती लहानसा आकडा फिरतो, आणि पीळ देणे व गुंडाळणे ही दोन्ही कामे अखंड एकदमच होतात. काम सोपे, वेग अधिक, आणि शिकण्यासही थोडा काळ पुरतो. म्यूलवर ज्यांचा हात बसला होता ते लँकेशायरवाले बारीक सुतासाठी आपले जुने यंत्र सोडावयास राजी नव्हते. नागपुरास १८८३ च्या सुमारास रिंग चातीची परीक्षा झाली. ती उतरल्यावर गिरणीने हळूहळू जुनी यंत्रे काढून टाकिली. इंग्लंडातील कारखानदार जे करावयास कचरत होते ते एका हिंदी गिरणीने करून दाखविले, ह्याचा अभिमान वाटण्यास हरकत नाही.

दुसरी अडचण नागपूरच्या हवेची. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि वारंवार तुटतो. आणि नागपूरचा उन्हाळा किती कोरडा हे तेथे एक वैशाख काढलेल्यास सांगावयास नको. म्हणून हवेत ओलावा सोडणारी व हवा खेळती ठेवणारी साधने गिरणीत बसविण्यात आली. सूत तुटेनासे झाले, हा गिरणीचा लाभ. श्वास घेण्यास बरी हवा मिळाली, हा कामकऱ्याचा. दोहोंपैकी कोणता लाभ मनात धरून साधने बसविली, ह्याचा निवाडा करीत बसण्याची आम्हांस गरज दिसत नाही.

पण यंत्रांहून माणसांचा प्रश्न अवघड निघाला. गिरणीत आलेले पुष्कळसे लोक शेतीकडचे. पेरणी आली, लग्नसराई आली, जत्रा आली की माणूस गावी गेलाच. पटावरच्या शंभरांपैकी ऐंशी हजर, असे दिवस नेहमी येत. सामान्य मालकाने काय केले असते? दंड. जमशेटजींनी हजेरीसाठी बक्षिसे ठेविली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढिला. आणि १८९५ साली, कामावर असता इजा झालेल्या मजुरास भरपाई देण्याची व्यवस्था केली. ही सालें पालकांनी कायद्याच्या सालांशी ताडून पाहावी. कामकऱ्यांस अपघाताची भरपाई देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला; भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा तर सात वर्षांखालील मुलांस कामास लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढ्यावरच समाधान मानीत होता. सात वर्षांचे मूल म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातले!

हे सर्व मालकाने आपल्या स्वार्थासाठीच केले, असा आक्षेप कोणी घेईल. आम्ही म्हणतो, बरे झाले. जी सोय गिरणीच्या हिशेबात बसली ती मंदीच्या वर्षीही टिकण्याचा संभव असतो. केवळ मालकाच्या लहरीवर जी सोय अवलंबून, ती लहरीबरोबर जाते.

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. हिंदुस्थानातील गिरणीकामगारांचा पहिला संप म्हणून इतिहासात जो नोंदला गेला, तो ह्याच गिरणीत १८७७ साली, वेतनाच्या प्रश्नावर झाला. निवृत्तिवेतन, बक्षीस, भरपाई ही सारी मालकाने ठरवून दिलेली. ठरविण्याच्या बैठकीत कामकऱ्यास जागा नव्हती. पुढे जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस आला. देशातील कायद्याने तो नियम १९४८ साली केला. म्हणजे कारखाना कायद्याच्या छत्तीस वर्षे पुढे होता. आणि त्याच कारखान्यात १९२० व १९२८ साली मोठे संप झाले! चांगल्या मालकाविरुद्ध माणसे संप का करतात, हे ज्यास कळले नाही त्यास उत्तरदायित्व हा शब्द अर्धाच कळला, असे आमचे मत आहे. दिलेले घेण्यात आणि आपले म्हणून मागण्यात अंतर आहे.

दानाच्या कामातही जमशेटजींनी नवी वाट काढिली. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणास जाणाऱ्यांसाठी निधी स्थापिला. पण विद्यार्थ्यास पैसा दान म्हणून न देता कर्ज म्हणून दिला. शिकून कमावता झाल्यावर त्याने तो फेडावा, म्हणजे तोच रुपया पुढच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडे. घेणाऱ्याची मान ताठ राहिली आणि निधीही आटला नाही. पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या: डॉ. फ्रेनी कामा आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर. मुलींनी इंग्रजी शिकावे की नाही ह्यावर वाद चालू होता, अशा काळातली ही निवड आहे! कृष्णाबाईंनी परत येऊन कोल्हापुरात रुग्णसेवा केली. पुढे ह्याच निधीच्या साहाय्याने विद्येसाठी विलायतेस गेलेल्यांत डॉ. जयंत नारळीकर होते.

एम्प्रेस मिल आज नाही. १९८६ साली ती सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि २००२ साली बंद पडली. जुन्या घरांत आजोबांची गिरणीतली नोकरी अद्याप आठवणीने सांगितली जाते. शिक्षणाचा निधी मात्र मुंबईस चालू आहे, आणि दरवर्षी नवे विद्यार्थी त्याकडे अर्ज करितात.