स्कॅगवेला उतरण्याआधी

अगं, तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. जहाजाच्या ॲपवर अलास्कातल्या स्कॅगवेच्या नावाखाली सहलींची ही भली मोठी यादी, त्यात हेलिकॉप्टरने हिमनदीवर जायचं, कुत्र्यांच्या गाडीत बसायचं, झिपलाइन, वाळूतून सोनं धुणं, बसने युकॉन, डोंगरातली आगगाडी, आणि तुमच्याकडे दिवस एकच. आई म्हणते सगळंच बघू, बाबा म्हणतात तू ठरवशील ते. म्हणजे ठरवायचं ओझं तुझ्या एकटीवर. म्हणून मी मला वाटतं ते सरळच सांगते: एकच सहल घे, आणि ती फोटो बघून घेऊ नकोस. आईचे गुडघे, पिल्लूची झोप आणि तुम्हा सगळ्यांचे पासपोर्ट समोर ठेवून घे.

आधी गाव कसं आहे ते डोळ्यांसमोर आण. लिन कॅनॉल नावाच्या लांब, अरुंद खाडीच्या अगदी टोकाला, दोन्ही बाजूंनी उभे डोंगर आणि मध्ये सपाट जमिनीची पट्टी. कायमची वस्ती हजार-बाराशेची. उन्हाळ्यात तीन-चार मोठी जहाजं एकाच दिवशी लागली, की त्या एवढ्याशा गावात दहा हजारांवर माणसं उतरतात. समोरचं हेन्स गाव पाण्यावरून जेमतेम पंधरा मैल, पण रस्त्याने जायचं तर कॅनडात शिरून, वळसा घालून सुमारे साडेतीनशे मैल. इतकी आडबाजूची जागा. तिथे उतरल्यावर ‘बघू काय मिळतं ते’ म्हणून चालत नाही. गाड्या मोजक्या, मार्गदर्शक मोजके, आणि चांगल्या वेळेच्या जागा कधीच्याच गेलेल्या असतात.

आता कागदांचं बोलू, कारण आपल्याकडची माणसं इथेच अडकतात. तुमचं जहाज सिॲटलहून निघून परतीच्या वाटेवर व्हिक्टोरियाला थांबतं. व्हिक्टोरिया कॅनडात. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा असला तरी त्यांना कॅनडाचा वेगळा लागणारच. तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलंय, तुम्हाला तो व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. आणि स्कॅगवेहून बसने युकॉनला गेलात तर तीही कॅनडाची सरहद्द आहे. म्हणजे एकाच क्रूझमध्ये आई-बाबा कॅनडात दोनदा शिरणार आणि दोनदा अमेरिकेत परतणार. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का, ते शिक्क्यावर बोट ठेवून वाच, आणि कॅनडाचा हातात आला की तोही तसाच वाच. ट्रॅव्हल एजंट ‘हो हो, चालतं’ म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नकोस. खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्याला उत्तर एजंटला द्यायचं नसतं, बाबांना द्यायचं असतं.

म्हणूनच माझं मत आगगाडीच्या बाजूने आहे. व्हाइट पास अँड युकॉन रूटची जी फेरी फक्त घाटमाथ्यापर्यंत जाऊन परत येते, तिच्यात कुणी खाली उतरत नाही, आणि तिला पासपोर्टही लागत नाही. फ्रेझर, बेनेट किंवा कारक्रॉसपर्यंत जाणाऱ्या फेऱ्यांना मात्र लागतो. नावं सारखीसारखी दिसतात, तिकीट काढताना नीट बघ. साधारण वीस मैल वर, वीस मैल खाली, जाऊन-येऊन अडीच-तीन तास. डब्यात ऊब असते, स्वच्छतागृह असतं, मोठ्या खिडक्या असतात. आईला एकही पायवाट चढावी लागत नाही, आणि पिल्लू झोपलाच तर तुझ्या मांडीवर झोपेल.

आणि बाबा! त्यांनी आपल्याला माथेरानच्या गाडीत बसवून प्रत्येक वळणाचं गणित समजावलं होतं, आठवतं? ही गाडी तीन फुटी गेजची, माथेरानच्या रुळांहून फूटभर रुंद. घाटमाथा 2,865 फुटांवर, म्हणजे उंची जवळजवळ माथेरानएवढीच. फरक इतकाच, की ही चढण थेट समुद्राच्या पातळीवरून सुरू होते आणि वर पोचेपर्यंत बर्फाचे कडे शेजारी आलेले असतात. 1898 साली काम सुरू झालं आणि 1900 मध्ये स्कॅगवे ते व्हाइटहॉर्स असा 110 मैलांचा मार्ग पुरा झाला, तोही सुरुंगांनी ग्रॅनाइट फोडत, थंडीवाऱ्यात. 1982 मध्ये गाडी बंद पडली आणि 1988 पासून पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागली. हे सगळं बाबांना निघण्याआधी सांगून ठेव, मग ते आठवडाभर आधीपासून खुशीत असतील.

जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. माथ्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात, बाकांच्या पाठी उलटवतात आणि लोकांना बाजू बदलायला सांगतात, म्हणजे येताना समोरच्यांनाही दरी दिसावी. दोन डब्यांच्या मधल्या उघड्या जागेत उभं राहता येतं. तिथे वारा जोरदार असतो, आईचे कान झाकायला स्कार्फ हवाच.

वाटेत डेड हॉर्स गल्च नावाची घळ येते. तिथली गोष्ट पिल्लूला सांगताना जरा बेतानं सांग. ऑगस्ट 1896 मध्ये युकॉनमधल्या क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी तिकडे जायला हजारो माणसं या खाडीत येऊन उतरली. कॅनडाचे पोलीस घाटमाथ्यावर उभे होते. वर्षभर पुरेल इतका शिधा-सामान, म्हणजे जवळपास टनभर वजन, सोबत नसेल तर पुढे सोडत नसत. ते ओझं घोड्यांवर लादून या वाटेनं नेलं गेलं आणि सुमारे तीन हजार जनावरं इथे मेली. शेजारची चिलकूटची वाट तर त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांच्या व्यापाराची वाट होती. सोन्याच्या गोष्टीत त्यांचं नाव मागे पडतं, ते मला फार खटकतं. तू मात्र पिल्लूला त्यांच्याबद्दल आवर्जून सांग.

तिकीट जहाजाकडून घ्यावं की थेट रेल्वेकडून? थेट घेतलं तर थोडं स्वस्त पडू शकतं. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची सोय करतं. बाहेरून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज निघून जातं, आणि मग तुमची सोय तुम्ही, तुमच्या खर्चानं. स्कॅगवेहून बाहेर पडायला फेरीबोट, छोटं विमान किंवा कॅनडातून जाणारा रस्ता, एवढंच. शिवाय हवामानामुळे जहाज बंदरात गेलंच नाही, तर जहाजाची सहल आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. बाहेरच्यांचे नियम प्रत्येकाचे वेगळे. तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं, बाहेरून घ्या. सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि लहान मूल सोबत असताना त्या थोड्या डॉलरांकडे बघू नकोस.

हेलिकॉप्टरचं तुझ्या नवऱ्याच्या मनात आहे, मला कळतंय. सुंदरच असतं ते. पण ढग उतरले की उड्डाण रद्द, पैसे मिळतात, सकाळ मात्र हातची गेलेली असते. माणशी खर्चही इतका, की पाच जणांचा आकडा बघून बाबा दिवसभर गप्प राहतील. तो प्रवास तुम्ही दोघं पुन्हा कधीतरी करा.

घड्याळाचं फार जपायला हवं. अलास्काची वेळ सिॲटलपेक्षा एक तास मागे, आणि पलीकडच्या युकॉनची उन्हाळ्यात अलास्कापेक्षा एक तास पुढे. डोंगरात फोन कुठल्या टॉवरची वेळ उचलेल याचा नेम नाही. बाबांचं मनगटी घड्याळ सकाळी जहाजाच्या वेळेला लावून दे आणि दिवसभर तेच प्रमाण माना. जहाजात परत यायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते, दोन्ही वेळा कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेव.

सकाळची गाडी घेतलीत तर दुपार मोकळी मिळेल. ती भरून टाकू नकोस गं. ब्रॉडवे हा मुख्य रस्ता सपाट आहे, चालत पुरा होतो. जुन्या रेल्वे कचेरीत राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र आहे, आत जायला पैसे लागत नाहीत, आणि तिथले रेंजर गावातून फुकट फिरवून माहिती देतात. थोडं पुढे आर्क्टिक ब्रदरहुड हॉलची दर्शनी भिंत बघा, समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या हजारो काटक्या ठोकून सजवलेली. आईला ती नक्की आवडेल. दमली, तर बाकावर बसू दे तिला, डोंगर सगळीकडून दिसतात.

जहाजावरची फळं आणि उघडं खाणं खाली नेता येत नाही. चिवडा, खाकरा बंद पाकिटातच ठेव. शाकाहारी जेवायला परत जहाजावर गेलेलं बरं, ते धक्क्यालाच लागलेलं असेल आणि गावातल्या टेबलांसाठी रांगा असतील. रेल्वेची सकाळची जागा आजच धर. आणि आई-बाबांच्या कॅनडा व्हिसाचा अर्ज याच आठवड्यात भर, त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.